न दिलेली ओव्हर

आत्या जिना चढून आली ती धापा टाकत आणि बोलत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करू शकणारी घरात ती एकटीच. काखेत कापडाचं गाठोडं, गळ्यात मापाची टेप तशीच लटकलेली.

"दादा, तू फोनवर असा आवाज काढलास की मी दुकानाचं शटर अर्धवट ओढून पळत सुटले. इथे तर सगळे धडधाकट दिसतायत."

"हळू बोल," बाबा म्हणाले. "दोघी एकमेकींशी बोलत नाहीयेत."

"मग मी का हळू बोलू? मी तर दोघींशी बोलतेय."

रविवारची दुपार. आईची आठवड्याची सुट्टी, म्हणजे ती उद्याच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बारकी, समोर केव्हाच रिकामा झालेला कप. घरातली सगळ्यात धाकटी म्हणून ती बारकी. पुढे ती उंचीनं बापाच्या डोक्यावरून गेली, पण नाव बदलायला कोणाला सवड झाली नाही. नर्सिंगची पदवी तिनं चांगल्या मार्कांनी घेतली होती. आईच्याच हॉस्पिटलात, आईच्या वॉर्डाच्या दोन मजले वर, ती नोकरीला लागली होती. आणि गेल्या आठवड्यात कोणालाही न विचारता राजीनामा देऊन घरी आली होती. आईला ही बातमी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये कळली, तीही लिफ्टमनकडून.

"वन्सं, तुम्हीच विचारा तिला," आई इस्त्रीकडे बघत म्हणाली. "मला तर उत्तर मिळत नाही."

"काय गं, का सोडलंस?"

"जमत नाही."

"काय जमत नाही? सुया टोचायला?"

"टोचायला जमतं. सगळं जमतं, आत्या. म्हणून तर जास्तच देतात."

आत्या हसली. बाबांनी हसायचा बेत केला, बायकोकडे पाहिलं आणि रद्द केला. बाबा लोकांना गाडी चालवायला शिकवत. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी एक जादा ब्रेक होता, आणि घरात आवाज चढले की त्यांचा पाय टेबलाखाली तो ब्रेक शोधत राहायचा.

"उद्यापासून ही चष्म्याच्या दुकानात जाणार आहे," ते बहिणीला म्हणाले. "ठरवून आलीये."

"चष्म्याच्या दुकानात? मग काय वाईट आहे? मी नाही का कपडे शिवत?"

"वाईट काहीच नाही," आई म्हणाली. "चार वर्षं माणसाचं शरीर शिकायचं आणि मग नाकावर फ्रेम बसते का ते बघायचं."

"तिथे लोक आत येतात तेव्हा बरे असतात," बारकी कपाला म्हणाली, "आणि जातात तेव्हाही बरे असतात."

आईनं इस्त्री त्याच बाहीवरून पुन्हा फिरवली.

आत्याला ती पोर आपल्यावर गेली आहे असं नेहमीच वाटायचं, आणि आज त्याचा तिला उघड आनंद झाला होता. आतल्या खोलीत पडून असलेली तिची म्हातारी आई एके काळी मोठ्या हॉस्पिटलची मेट्रन होती. घरातच काय, गल्लीतसुद्धा तिला मेट्रनच म्हणत. मेट्रननी आपल्या लेकीचं नाव नर्सिंगच्या शाळेत घातलं, आणि लेक पहिल्याच महिन्यात वसतिगृहाच्या मागच्या फाटकातून पळून एका शिंपिणीकडे जाऊन बसली. ते प्रकरण घरात अजून मिटलं नव्हतं. फक्त त्यावर बोलणं बंद झालं होतं.

"सोडलं तर सोडलं," आत्या म्हणाली. "वहिनी, मीही पळालेच होते. काय बिघडलं?"

"तुमचं काही बिघडलं नाही. तुम्ही पळालात म्हणून मेट्रननी वॉर्डातून मला उचलून आणलं."

हे आईनं हसत म्हटलं, आणि इस्त्री जरा जोरात ठेवली. ती विद्यार्थिनी असताना मेट्रननी तिचे हात पाहून तिला सून करून घेतली होती, चेहरा नव्हे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती सासूला मेट्रन म्हणायची आणि सासू तिला सिस्टर.

"मला एक सांग," आत्या बारकीकडे वळली, "झालं काय नेमकं? कोणी हात उचलला का तुझ्यावर? मागे एका पोरीला नातेवाइकांनी मारलं होतं ना?"

"ती माझ्याच बॅचची. ती आता फ्लॅट विकते. मला नाही कोणी मारलं." बारकी थांबली. मग एकदम बोलू लागली, कोणी मध्येच थांबवेल अशा घाईनं. "खिडकीजवळच्या बेडवर एक रिटायर्ड मास्तर होते. त्यांना काही नको असायचं. फक्त म्हणायचे, सिस्टर, जरा बसता का. मी म्हणायचे, आलेच. एका बाजूला सलाइन संपलेलं, दुसरीकडे कोणीतरी नळी उपसलेली, डॉक्टर ओरडतायत, आणि अख्ख्या वॉर्डाला मी आणि अजून एक जण, तीही नवीन. दिवसभरात मी सगळ्यात जास्त बोलते तो शब्द आहे 'आलेच'. आणि दिवसभरात बोललेलं सगळ्यात मोठं खोटंही तेच. त्या दिवशी मी चार वेळा की पाच वेळा 'आलेच' म्हटलं. शेवटी मी गेले तेव्हा ते गेलेले होते. उशीवर टेकून, दाराकडे तोंड करून. म्हणजे वाटच बघत होते ना माझी?"

"अगं, म्हातारं माणूस—" बाबा म्हणाले.

"त्यांची मुलगी आली. तिनं विचारलं, शेवटी बाबांजवळ कोण होतं? मी म्हटलं, मी होते. तिनं माझे हात हातात घेतले, बाबा. आभार मानले माझे. त्या वेळी मी ठरवलं."

आईनं इस्त्रीचा प्लग काढला. हे सगळं खरं आहे हे या टेबलाभोवती तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या वॉर्डात नव्या मुली येत, पहिल्या पगाराला हसत पेढे वाटत आणि काही महिन्यांत अनुभवाचा दाखला मागायला येत. हल्ली ती नव्या मुलींची नावं लगेच पाठ करत नसे. टिकली तर करू, असं तिचं चाललेलं. पण खरं आहे म्हणून काय झालं? ही पण गेली तर उद्या वरच्या मजल्यावर कोण उभं राहणार? आणि तिथे कोणी नाही म्हटल्यावर खालून कोणाला वर पाठवणार? तिलाच.

"असा एक मास्तर माझ्याकडेही आहे," ती म्हणाली. "सगळ्यांकडे असतो. तो घेऊन उद्या परत कामावर जायचं असतं."

"का जायचं असतं?" बारकीनं विचारलं.

आठवड्याभरात मुलीनं आईला थेट विचारलेला हा पहिला प्रश्न. आई युनिफॉर्मची घडी घालू लागली.

"मी आईला गाऊन घालून बघते," आत्या उठली. वातावरण तापलं की शिवणाकडे वळायचं, ही तिची जुनी युक्ती. "पाठीमागून उघडा शिवलाय, बटणं टोचतात म्हणून नाड्या लावल्यात. दादा, तू चहा टाक."

ती आत गेली. आतून तिचा आवाज येत राहिला: आई, जरा कुशीवर हो, अगं हो ना, लहान मुलासारखं काय करतेस, बघू दे पाठ. मग आवाज बंद झाला. आत्याचा आवाज बंद होणं ही या घरात ऐकू येणारी गोष्ट होती.

"वहिनी," ती आतून म्हणाली. "वहिनी, इकडे ये."

खोलीत औषधाचा आणि पावडरचा वास होता, आणि त्याखाली आणखी एक. दाराशीच आईनं तो ओळखला. बारकीनंही. मेट्रन पुन्हा उताण्या झाल्या होत्या, ओठ घट्ट मिटून, राउंडवर निघाल्यासारखा चेहरा. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या उठल्या नव्हत्या. ऑपरेशन झालं, पण पाय काही परत कामावर आला नाही, असं त्या स्वतःच सांगत.

आई पलंगाच्या एका बाजूला गेली, बारकी दुसऱ्या. दोघींनी खालच्या चादरीच्या कडा गुंडाळून हातात घेतल्या. कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

"एक, दोन," आई म्हणाली.

"तीन," बारकी म्हणाली.

मेट्रन कुशीवर झाल्या. माकडहाडावर कातडी फाटली होती. मधे ओलसर लाल, कडेला काळपट, तळहातात मावेल एवढी जखम. बेडसोर. पलंगावर एकाच अंगावर पडून राहिलेल्या माणसाला होते ती जखम, दर दोन तासांनी कूस बदलली तर होत नाही ती. मेट्रननी आपल्या काळात हिच्यापायी कितीतरी नर्सेसना सगळ्या वॉर्डासमोर उभं केलं होतं.

"कधीपासून?" आईनं विचारलं. कोणाला विचारलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"तुम्ही दोघी-दोघी नर्सा घरात," आत्या कुजबुजली. "दोघी नर्सा!"

"तू बदलत नव्हतीस कूस?" आई बारकीला म्हणाली. "दिवसभर घरात होतीस तू! मी आठवडाभर रात्रपाळी करून येत होते. भांडं देत होते, तोंड पुसत होते, मला वाटलं पाठ तू बघतेस."

"तू मला काय म्हणाली होतीस?" बारकीचा आवाज फाटला. "भांडलो त्या दिवशी? 'सोडलंस ना? मग यापुढे कुठल्याच पेशंटला हात लावू नकोस.' नाही लावला. मला वाटलं तू घेतलंस सगळं तुझ्याकडे."

"अगं, ते रागात—"

"मला कसं कळणार? तू ओव्हर दिलीस का मला?"

या घरात पाळी बदलताना ओव्हर द्यायची पद्धत होती, हॉस्पिटलात देतात तशीच. निघणारीनं येणारीला दाराशी उभं राहून सगळं सांगायचं: दूध तापवलंय, गॅसवाला येऊन गेला, मेट्रनची डावी कूस झाली, आता उजवी, गोळी राहिली आहे. बाबा त्यावरून दोघींची नक्कल करायचे. त्या ओव्हरवर हे घर वर्षानुवर्षं चाललं होतं. दुसऱ्या घरात नुसतं बघून कळतं ते इथे सांगितल्याशिवाय कोणी करत नसे, आणि सांगितलं की चुकत नसे. आणि गेला आठवडाभर दोघी दारात एकमेकींच्या अंगाला अंग लागणार नाही अशा जात-येत होत्या.

"आणि आजी, तू?" बारकी पलंगाशी वाकली. "तुला जळजळ होत असेल ना? बाबांनी बेल बसवून दिलीये उशाशी. दाबली का नाहीस?"

ती दाराची बेल होती. बाबांनी वायर ओढून आणून पलंगाला लावलेली, दाबली की चिमणी ओरडायची.

"ती चिमणी मला आवडत नाही," मेट्रन भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

"आजी."

"दाबून कोण येणार होतं? सिस्टर सकाळी येते ती चपला न काढता खुर्चीत झोपते. तुझं तोंड पाहिलंस आरशात? दमलेल्या माणसाला बोलावलं की ते 'आलेच' म्हणतं. मी आयुष्यभर ऐकलंय ते. म्हटलं, नाहीच ऐकलं तर बरं."

बारकी सरळ झाली. बाहेरचं बोलणं आत सगळं ऐकू येत होतं तर.

बाबा चहाचा ट्रे घेऊन दाराशी आले, आणि त्यांना कोणी आत येऊ दिलं नाही. दोन्ही पाय घट्ट रोवून ते ट्रे धरून तसेच उभे राहिले.

जखम आईनंच धुतली. मग स्वयंपाकघरात सगळे पुन्हा जमले, या वेळी उभ्यानंच. मघाशी भांडण नोकरीवरून होतं; आता त्याची जागा एका साध्या, ताबडतोबीच्या प्रश्नानं घेतली होती, आणि बाबांना मनातून त्याचं बरं वाटलं. प्रश्नाला रस्ता असतो.

"हवेची गादी आणतो आजच," ते म्हणाले. "आणि ब्यूरोतून सांभाळायला बाई परत बोलावू का?"

"कोणती?" आत्या म्हणाली. "एकीनं हात धुतले नाहीत म्हणून आईनं हाकलली. दुसरी मोबाइल बघत भरवत होती. तिसरी तर आईनं नखं दाखव म्हटल्यावर जेवणाच्या सुट्टीत गेली ती अजून यायचीये."

"मग तुझ्याकडे? काही दिवस?"

"माझ्याकडे कुठे रे? खाली मशिनं, वर एक खोली, जिना असा की मीच तिरकी होऊन चढते." आत्यानं गळ्यातली टेप काढून बोटाला गुंडाळली. गुंडाळता गुंडाळता तिची नजर बारकीवर थांबली, आणि बारकीला ती नजर ओळखू आली. कापड कमी पडलं की आत्या अशीच घरातल्या जुन्या चादरीकडे बघायची. "आता ही नाही तरी घरीच आहे."

"मी घरी नाहीये, आत्या. मी उद्यापासून दुकानात जाणार आहे."

"अगं, चष्मे काय, नंतरही विकता येतील. लोकांची नजर काय सुधारणार आहे?"

"मघाशी तूच म्हणालीस, सोडलं तर सोडलं."

"हॉस्पिटल सोडलंस ना? मी कुठे म्हटलं परत जा? आजी थोडीच सोडलीयेस?"

"हे छान झालं की," बाबा म्हणाले. त्यांचा पाय ब्रेकवरून उठला होता. "म्हणजे बघ, डॉक्टरांची ओरड नाही, नातेवाईक नाहीत—"

"नातेवाईकच आहेत," बारकी म्हणाली.

"—एकच पेशंट, आणि तोही आपला. तू म्हणत होतीस ना, माणसाजवळ बसायला मिळत नाही? घे, हवं तेवढं बस."

ते हे प्रेमानं म्हणत होते. त्यांच्या बोलण्यात कुठे खोट नव्हती. तिनं आईकडे पाहिलं. आठवडाभर जिच्याकडे पाहायचं टाळलं होतं, या खोलीत आता तीच एक तिच्या बाजूची असू शकत होती.

आईला ते कळलं. वॉर्डात पाळी तरी संपते, हे तिला म्हणायचं होतं. इथे पाळी कधी संपणार? मी या घरात हातांसाठी आले, निदान हिचे तरी हात सोडा, असंही म्हणायचं होतं. "वन्सं," ती म्हणाली, "ती सोडून आलीये. कारण होतं म्हणून सोडून आलीये."

"मग तू राहतेस घरी?" आत्या म्हणाली.

उद्यापासून आईची दिवसपाळी होती, सकाळी सातची. तिच्याखाली दोनच मुली उरल्या होत्या, त्यातली एक दाखला मागायच्या बेतात. आईनं तोंड उघडलं. मग तिला जखम आठवली, काळपट कडा, आणि दिवसातून किती वेळा ती बघावी लागेल ते. कोणीतरी घरी आहे, या विचारानं तिचे खांदे आपोआप खाली आले. लाज वाटली तिला, पण लाजेनं खांदे काही परत वर गेले नाहीत.

"थोडे दिवस," ती बारकीला म्हणाली. "जखम भरेपर्यंत."

"भरते ती?" बारकीनं विचारलं. "तू पाहिलीयेस भरलेली? या वयात?"

दोघी नर्सिंगच्या एकाच शाळेत शिकलेल्या होत्या.

दुकानात फोन बारकीनंच केला. मालक चांगला माणूस निघाला. हरकत नाही, म्हणाला, आजींना जपा, या जागेसाठी मुली पुष्कळ येतात. बारकीनं 'थँक्यू' म्हटलं. नर्सेसच्या जागेसाठी असं बोलताना तिनं कोणालाच ऐकलं नव्हतं.

"आणि मला सुट्टी कधी?" फोन ठेवून तिनं विचारलं.

बाबा मनापासून हसले. "घरात कसली आलीये सुट्टी! वेडी."

आत्याही हसली. आई हसली नाही, पण सुट्टीचा वारही सांगितला नाही.

संध्याकाळी मेट्रनची कूस बदलायची वेळ झाली तेव्हा बारकी एकटीच आत गेली. तिनं हात धुतले, मनगटापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, म्हातारीच्या नजरेसमोर. पट्टी सोडली, जखम पुसली, नवी पट्टी लावली, पायांच्या मधे उशी सारली. तिचे हात अजिबात थरथरत नव्हते. थरथरले असते तर बरं झालं असतं.

"चांगला हात आहे तुझा," मेट्रन म्हणाल्या. जन्मात कोणाला न म्हटलेलं वाक्य. "सिस्टरपेक्षाही हलका."

बारकी तशीच उभी राहिली. हे वाक्य एकदा ऐकल्यावर आपल्याला इथून निघता येणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं. कोणी रागावलं असतं, हुकूम केला असता, तर तिला दार आपटून जाता आलं असतं.

तेवढ्यात दारातून बारकीची कॉट आत आली, तिच्या खोलीतली, चादरीसकट. एक टोक बाबांनी धरलेलं, दुसरं जमिनीवर घासत होतं.

"कुठे लावू गं?" बाबांनी धापा टाकत विचारलं. "इथे खिडकीखाली? मस्त वारा येतो."

"खिडकीखाली नको," मेट्रन उशीतून म्हणाल्या. "वारा लागला की ड्युटीवर झोप येते."

बारकीनं कॉटचं दुसरं टोक उचललं.